जनावर तोंड लावत नाही असलं झाड कशाला लावायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले, रोहिणी लागली, आता पंधरा दिवसांत गावभर खड्डे काढायला सुरुवात होणार. ५ जूनचा पर्यावरण दिन आला की तालमी, मंडळं, शाळा, बँका, कॉलन्या सगळे झाडं लावतात आणि ते चांगलंच आहे, मी त्याच्या आड येणारा माणूस नाही. पण रोपांच्या ऑर्डरी आत्ताच जात असतात आणि एकदा टेम्पो दारात येऊन थांबला की मग कोण परत पाठवत नाही, म्हणून हे पत्र त्याच्या आधी छापलंत तर फार बरं होईल. जरा लांबलंय, पण शक्यतो कापू नका अशी विनंती.

मी रिटायर्ड शिक्षक, कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एका कॉलनीत राहतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या ओपन स्पेसचं सुशोभीकरण झालं तेव्हा मी कमिटीत होतो. ठेकेदार मोबाईलवर एकेक फोटो दाखवत होता आणि प्रत्येक रोपाला त्याचं वाक्य ठरलेलं, "सर, ह्याला पाणी लागत नाही, कीड लागत नाही, जनावर तोंड लावत नाही." आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण त्याच्या आधी लावलेली रोपं शेळ्यांनी खाल्लेली, पाणी कुणी घालायचं ह्यावरून दोनदा भांडणं झालेली, माळी टिकत नव्हता. कागदावर सही मीच केली.

कंपाउंडच्या कडेनं कोनोकार्पस ह्या दाट वाढणाऱ्या परदेशी झाडाची रांग, कोपऱ्यात दोन स्पॅथोडिया म्हणजे लाल-केशरी फुलांची पिचकारीची झाडं, वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पानांचं दुरांट्याचं झुडूप आणि उरलेली सगळी जमीन झाकायला वेडेलिया. वेडेलिया म्हणजे कुठलं ते नावावरून कळणार नाही कदाचित, पण बघितलेलं सगळ्यांनी आहे, रस्त्याच्या डिव्हायडरमध्ये, हॉटेलच्या लॉनच्या कडेला, जमिनीलगत दाट चकचकीत हिरवी पानं आणि वर रुपयाएवढी पिवळी फुलं, बारक्या सूर्यफुलासारखी. पहिलं वर्ष झकास गेलं. पाहुणे आले की आम्ही मुद्दाम तिकडनं फिरवून आणायचो.

दुसऱ्या पावसाळ्यात ते जाळीखालनं बाहेर पडलं. मी एकदा गुडघ्यावर बसून त्याचा एक दोर उचलून बघितला तर चार-चार बोटांवर पेर आणि प्रत्येक पेराला खालून पांढरी मुळं सुटलेली, जोर लावून ओढलं की मधेच कटकन तुटतंय आणि तुटलेला तुकडा जिथं पडेल तिथं आठ-दहा दिवसांत परत उभा. आम्हाला हे माहीतच नव्हतं. कटिंग करणारी माणसं कापलेला सगळा पाला घमेल्यात भरून मागच्या ओढ्यात टाकत होती, आम्ही बघत होतो, पाला तर आहे म्हणून कोण काय बोललं नाही. म्हणजे आमच्या हातानं आम्ही ते ओढ्यात लावलं. बघता बघता ओढ्याच्या दोन्ही काठांना, आमच्यापासून खाली पुलापर्यंत, दुसरं काही राहिलं नाही.

आधी तिथं काय होतं हे विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं की काय नाही, नुसतं रान माजलेलं. ते रान काय होतं ते मला मागच्या भाद्रपदात कळलं. आमच्याकडं गौर पाणवठ्यावरनं आणायची पद्धत आहे, तेरड्याची. बायको आणि शेजारच्या वहिनी ताट, तांब्या घेऊन दरवर्षीसारख्या ओढ्यावर गेल्या आणि अर्ध्या तासानं हात हलवत परत आल्या. "अहो, तिकडं सगळं पिवळंच झालंय, तेरड्याचं एक झाड नाही." गणपतीच्या पत्रीला आघाडा लागतो, तोही तिथनंच यायचा, तोही नाही. माका नाही, केना नाही. शेवटी मी स्कूटर काढून मार्केटला गेलो आणि गौर विकत आणली. गौर विकत आणायची आमच्या घरातली ती पहिली वेळ, बायकोला ते इतकं लागलं की ती दोन दिवस नीट बोलली नाही.

त्याच आठवड्यात आप्पा भेटले. आप्पा म्हणजे आमच्या भागातले म्हशीवाले, आमचं दूध त्यांच्याकडनंच येतं. त्यांची म्हैस त्या पिवळ्या गालिच्यापर्यंत आली, खाली मान घालून हुंगली, नाकातनं फुर्र केलं आणि पुढं गेली. आप्पा मला म्हणाले, "सर, म्हस खाईना, शेरडू खाईना, किडाबी बसंना. मग हे लावलासा कुणासाठी?"

मी छत्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, अन्नसाखळीची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याला हिशोब नाही, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ठेकेदाराचं ते वाक्य मी परत मनात म्हणून बघितलं. पाणी लागत नाही, कीड लागत नाही, जनावर खात नाही. जे झाड कुणीच खात नाही त्याला आवरणार कोण? ज्या गुणांसाठी आपण ते पैसे देऊन आणतो त्याच गुणांनी ते कुंपण ओलांडतं. त्याच्या मूळ देशात त्याला खाणारे किडे असतात, रोग असतात, ते सगळं तिथंच राहतं आणि झाड तेवढं इकडं येतं. वेडेलिया मूळचं मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचं, तिथं त्याची काय तक्रार नाही.

"कीड लागत नाही" हे कौतुक तर आपण सगळ्यात आधी सोडलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत झालंय. चिमणी दाणे खाते हे बरोबर, पण पिल्लांना ती अळ्या-किडेच भरवते, बहुतेक बारक्या पक्ष्यांचं तसंच आहे. अळी नाही म्हणजे पिल्लू नाही. मग आपण ओरडतो चिमण्या कुठं गेल्या. आणि अळ्या कुठल्याही पानावर वाढत नाहीत, बहुतेकींची झाडं ठरलेली असतात, हजारो वर्षांत जमलेलं नातं आहे ते. बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगरच्या, वायवर्णावर ग्रेट ऑरेंज टिपच्या. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालं, त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. उंबराचं तर आपल्या भाषेतच आहे, उंबर फोडून केंबरं काढू नये म्हणतात, पण ती केंबरंच, म्हणजे फळातले बारके किडे, उंबराचं परागीभवन करतात, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. आणि त्या फळांवर आपला राज्यपक्षी हरियाल जगतो, धनेश जगतो.

मी एक दिवस सकाळी चहा झाल्यावर चष्मा लावून परसातल्या कढीपत्त्यापुढं बसलो. पहिल्यांदा काही दिसलं नाही, नुसती पक्ष्याची शीट पडल्यासारखे दोन-चार काळे-पांढरे ठिपके. मग त्यातला एक ठिपका हलला. ती कॉमन मॉर्मनची बारकी अळी, पक्ष्यांना फसवायला शीटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. एकूण सात सापडल्या. तिथनं उठलो आणि ओपन स्पेसमध्ये जाऊन कोनोकार्पसची अख्खी रांग, वीस झाडं, पानं उलटी-सुलटी करून बघितली. एक अळी नाही, एक कोळ्याचं जाळं नाही, एक घरटं नाही. हिरवी भिंत नुसती. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये ह्याच कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली हे मला नंतर कळलं.

आता कोण म्हणेल एका कॉलनीतल्या वेलीवरनं सर एवढं मोठं पत्र लिहायला लागले. म्हणून थोडा इतिहास सांगतो. राधानगरी-दाजीपूरला, पन्हाळ्याच्या उतारांवर, जिथं बघाल तिथं जी टणटणी म्हणजे घाणेरी दिसते ती अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेत शोभेसाठी म्हणून आणली. रंगीत फुलांचे गुच्छ, वर्षभर बहर, जनावर खात नाही म्हणून कुंपणालाही चांगली. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बी जंगलात गेलं. पंचगंगेत इचलकरंजी-शिरोळच्या बाजूला उन्हाळ्यात जे केंदाळ म्हणजे जलपर्णी माजतं, ज्याच्यावर दरवर्षी आंदोलनं होतात, पोकलॅन लावून काढावं लागतं, ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, जांभळ्या फुलासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आणलेलं. सांडपाण्याचं खत मिळालं की दीड-दोन आठवड्यांत दुप्पट होतं. काँग्रेस गवत तेवढं बागेतनं आलं नाही, ते परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात, १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंद झाली, आणि आज त्याच्या ॲलर्जीनं अंग खाजवत बसलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. पण बाकीची दोन आपण हौसेनं आणली, फूल चांगलं दिसतंय म्हणून.

आययूसीएन ह्या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या तज्ज्ञांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० आक्रमक जीवांची एक यादी केली आहे, त्यात प्राणी, मासे, किडे, बुरशी सगळं आहे. त्या शंभरात टणटणी आहे, केंदाळ आहे, जंगलात माजणारी रानमोडी आहे, सुबाभूळ आहे, स्पॅथोडिया आहे आणि आमचं वेडेलियाही आहे. सहाच्या सहा आपल्या जिल्ह्यात सापडतात, आणि त्यातली शेवटची दोन आपण आजही नर्सरीतनं विकत आणतो, मी तर सोसायटीच्या पैशानं आणली.

गव्याचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढचं आहे. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी ओळखलं जातं, १९५८ पासूनचं संरक्षित जंगल. गवा गवतावर जगतो. झाडांखाली टणटणी आणि रानमोडी माजली की गवताला ऊनच मिळत नाही, गवत हटतं, आणि गव्याला तर ते दोन्ही खाता येत नाही. मग तो उसात येतो, शिवारात येतो, अगदी शहराच्या कडेपर्यंत आलेले गवे आपण बघितलेत. ह्याला कारणं बरीच आहेत, एकट्या टणटणीवर सगळं ढकलत नाही, पण खायचं कमी होणं हे त्यातलं एक नक्की आहे.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातंय. १९८४-८५ ची गोष्ट, मी नवीन लागलेलो, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात शाळेवर होतो. तेव्हा सामाजिक वनीकरणाचा सगळीकडं जोर होता आणि सुबाभूळ म्हणजे जादूचं झाड, झटपट वाढतंय, जळण देतंय, चारा देतंय, कुठंही येतंय. शाळेला बी आलं. उकळून उतरवलेल्या पाण्यात बी रात्रभर भिजवायचं, मग सकाळी पोरांना रांगेत डोंगरावर न्यायचं, प्रत्येकाच्या खिशात मूठभर बी, काठीनं भोक पाडायचं आणि टाकायचं. पोरं गाणी म्हणत जायची. आम्ही दोन पावसाळे हे केलं आणि आयुष्यात काहीतरी चांगलं केलं असं मी त्यानंतर पस्तीस वर्षं समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी त्या गावात लग्नाला गेलो होतो. त्या वेळच्या बॅचमधला एक मुलगा, आता तो पन्नाशीला आलाय, मला गाडीवर बसवून मुद्दाम डोंगराकडं घेऊन गेला. "चला सर, तुमचं जंगल दाखवतो." फार प्रेमानं घेऊन गेला तो. अख्खा उतार सुबाभळीनं भरलेला, मनगटाएवढी झाडं एकमेकाला चिकटून, वर तपकिरी शेंगांचे घोस वाळून खुळखुळतायत, खाली पाऊल ठेवायला जागा नाही आणि जिथं जागा होती तिथं नुसती सुबाभळीची वीतभर रोपं. आम्ही आलो तेव्हा त्या उतारावर करवंदीच्या जाळ्या होत्या, अंजनी होती, धायटी होती, मुरुडशेंग होती, मे महिन्यात पोरं करवंदं घेऊन वर्गात यायची. मी करवंद कुठं आहे विचारलं तर तो म्हणाला, "आता नाही सर, वर कड्याला असतील." त्याला काही वाटलं नाही, मला मात्र ते अजून जात नाही डोक्यातनं. म्हणून आता शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, पोरांकडनं सीड बॉल करून घेता ना, त्यात बी कुठलं घालता ते आधी एकदा बघा. सुबाभूळ, गुलमोहर, गिरिपुष्प, काशीद ह्यांचं बी गोळा करायला सोपं असतं म्हणून तेच जातं.

एक गैरसमज होऊ नये. बाहेरनं आलेलं सगळं वाईट असं मी म्हणत नाही. तांबड्या रश्श्यातली मिरची अमेरिकेतली, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, दसऱ्याचा झेंडू, सगळी तिकडनं आली आणि आपल्या घरातली झाली. पण मिरचीनं कधी जंगल गिळलं नाही, तिला आपण लावलं तर ती येते, नाही लावलं तर संपते. प्रश्न आपल्याला न विचारता पसरणाऱ्यांचा आहे. आणि दुसरं, रस्त्याकडेचे जुने रेन ट्री, गुलमोहर विदेशी आहेत म्हणून तोडा असं तर अजिबात म्हणत नाही, माझं पत्र दाखवून कोण कुऱ्हाड काढायला लागलं तर मला फार वाईट वाटेल. उभी सावली आहे ती राहू द्या. ५० वर्षांच्या पुढच्या झाडांना तर २०२१ च्या दुरुस्तीनं हेरिटेज वृक्ष म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. फक्त नवीन खड्ड्यात परत गुलमोहर नको, त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरच्यावर, वादळात आडवा होतो हे आपण दर वळवाला बघतो.

आणि झाड स्थानिक असलं तरी जागा बघावी लागते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या सड्यांवर काही उत्साही मंडळी झाडं लावायला जातात. तिथं कातळावर वीतभर माती, पावसाळ्यात त्याच मातीत गवत, सीतेची आसवं, सोनकी, कंदीलपुष्पं येतात, त्यातली कित्येक जगात पश्चिम घाट सोडून कुठं नाहीत. ते मोकळं दिसतंय म्हणून ओसाड नाही. तिथं खड्डा मारून जांभूळ लावलं तरी ते नुकसानच आहे. ह्या कंदीलपुष्पांवर आपल्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव सरांनी एवढं मोठं काम केलंय, विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये घाटातल्या दुर्मीळ वनस्पती जपल्यात, आणि आपल्या गावातल्या किती लोकांनी ते जाऊन बघितलंय?

मग लावायचं काय, हे मला सगळे विचारतात. मी वनस्पतिशास्त्राचा तज्ज्ञ नाही, पण गेलं वर्षभर ह्याच नादात आहे, तेवढं सांगतो. रस्त्याकडेला जागा मोठी असेल तर करंज, जांभूळ, कडुनिंब, बहावा. करंजाची सावली तर अशी थंड असते की त्याच्याखाली रिक्षावाले उन्हाळाभर जागा सोडत नाहीत. बंगल्यापुढं छोटी जागा असेल तर ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे, जांभळ्या फुलांनी मे महिन्यात झाड भरतं आणि लोकांना वाटतं हे कुठनं तरी परदेशातनं आणलंय. बकुळ, सीता अशोक, पांगारा. अशोक म्हणून जो उंच सरळ सुरूसारखा विकतात तो सीता अशोक नव्हे, खरा अशोक पसरट असतो आणि त्याला खोडालाच केशरी फुलांचे गुच्छ येतात. ओढ्याच्या, नदीच्या काठाला, जिथं २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं होतं तिथं वाळुंज, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ, ही झाडं पाण्यात उभी राहून जगणारी आहेत आणि काठ धरून ठेवतात. कंपाउंडला दुरांट्याऐवजी कुंती लावा, पावसाळ्यात संध्याकाळी वास गल्लीभर जातो, नाहीतर मेंदी, अडुळसा, कोरांटी, अडुळसा शेळीही फारसा खात नाही ज्यांना ती काळजी आहे त्यांच्यासाठी. जमीन झाकायला साधी हरळी, तीच दूर्वा. ओलीला ब्राह्मी. वेल पाहिजे तर कुसर म्हणजे रानजाई, गुळवेल. आणि पावसाळी फुलांना तेरडा आहे की, आपण म्हणतो तेरड्याचा रंग तीन दिवस, पण एकदा बी पडलं की दर पावसाळ्यात आपला आपण येतो, आणि आवरायला किडे, जनावरं सगळी आहेत त्याला.

हो, ह्या झाडांची पानं पडतात, कढीपत्त्याला अळ्या लागतात, बहाव्याच्या शेंगा अंगणात पडतात, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. आमच्या शेजारच्या ताई अळ्या बघून फवारणीचा पंप घेऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं आठ दिवस थांबा. त्यांच्या नातवानं एक कोष काचेच्या बरणीत झाकणाला भोकं पाडून ठेवला, आणि ज्या दिवशी फुलपाखरू निघालं त्या दिवशी तो शाळेला गेला नाही. पंप अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

नर्सरीवाल्यांशी बोललो. तीन-चार ठिकाणी एकच उत्तर, "सर, वायवर्ण, वाळुंज गिऱ्हाईक मागत नाही, ठेवून काय करू." त्यांचं चुकत नाही. म्हणून मागा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला तो ठेवायला लागतो. जांभूळ, करंज, बहावा सरकारी रोपवाटिकेतही विचारून बघा. नाहीतर घरी करा, अवघड काय नाही. जांभळाचं बी खाल्ल्याबरोबर ताजं लावायचं, वाळवून ठेवलं तर उगवत नाही, आणि एका बीतनं कधीकधी दोन-तीन कोंब येतात. बहाव्याचं बी कठीण, पॉलिश पेपरवर जरा घासून गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं. देवराईतनं किंवा जुन्या झाडाखालनं पडलेलं बी उचला, तोडू नका.

वेडेलिया ज्यांनी आधीच लावलंय त्यांच्यासाठी आमचा अनुभव. पाऊस पडून जमीन मऊ झाली की हातानं ओढायचं, पेरापेरानं, मुळासकट. ग्रास कटर लावायचा नाही, त्यानं तुकडे होतात आणि तुकडे म्हणजे नवी रोपं. काढलेलं ओढ्यात, कचऱ्याच्या ढिगावर, रिकाम्या प्लॉटमध्ये टाकायचं नाही, ताडपत्रीवर पसरून कडक उन्हात काळं पडेपर्यंत वाळवायचं. महिन्यानं परत त्याच जागेवर फिरायचं, कारण राहिलेलं डोकं काढतंच. टणटणी असेल तर वरवर छाटू नका आणि जाळू तर अजिबात नका, दोन्हीनं ती जास्त जोरात फुटते. जमिनीच्या खाली चार बोटं मूळ कापून बुंधा उलटा करून ठेवायचा, मातीला टेकू द्यायचा नाही. दोन्ही कामं फुलं-फळं धरायच्या आधी.

महापालिकेला आणि ग्रामपंचायतींना माझं एवढंच मागणं आहे की सुशोभीकरणाच्या टेंडरमध्ये झाडांची नावं लिहा. आज कागदावर नुसतं "शोभेची झाडे, नग इतके" असतं आणि मग ठेकेदार त्याला परवडेल ते आणतो, त्याला तरी काय म्हणायचं. वृक्ष प्राधिकरण समितीनं विद्यापीठातल्या माणसांना बसवून आपल्या पावसाची, आपल्या मातीची एक यादी केली, कुठल्या जागेला कुठलं झाड, आणि दुसरी यादी कुठली झाडं अजिबात चालणार नाहीत त्यांची, तर प्रत्येक कॉलनीच्या कमिटीला ती दारात चिकटवून ठेवता येईल. माझ्या हातात ती सहीच्या आधी असती तर मी सही केली नसती.

आमच्या ओढ्याची अलीकडची बाजू आम्ही मार्चमध्ये काढली, बारा-पंधरा जण होतो, चार रविवार लागले. आता पहिला मोठा पाऊस झाला की पलीकडची बाजू घेणार. आप्पांनी त्यांच्या गावाकडच्या बांधावरनं मागच्या नवरात्रात तेरड्याचं बी काढून एका बरणीत ठेवलंय, जागा मोकळी झाली की ते घेऊन येतो म्हणालेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
कळंबा परिसर, कोल्हापूर